डल्सी पार्डीच्या घरची सोंगं

डल्सी पार्डी कुणाच्याही घरी गेली की आधी चुलीपाशी जाते आणि किटली उचलून बघते. पाणी किती आहे याचा अंदाज घेते, कमी असेल तर न विचारता भरून ठेवते, आणि मग वळून घरातल्या माणसांना म्हणते, "काय, बरं आहे ना सगळं?" घर कुणाचं का असेना. लग्न असो, मयत असो. मूल दत्तक घ्यायच्या मुलाखतीला शहरात गेली होती, तिथेही सरकारी बाई प्रश्न विचारत असताना ही उठली आणि कोपऱ्यातली विजेची किटली हलवून आली. तिच्या नवऱ्याने, सेल्बीने, कपाळावर हात मारला.

"अगं, आपली परीक्षा चाललीय इथे!"

"मग? परीक्षा घेणाऱ्याला तहान लागत नाही होय?"

सरकारी बाई खो खो हसली. आपल्याला पोर मिळाली ती त्या किटलीमुळे, असं सेल्बी अजून सगळ्यांना सांगतो.

पोर म्हणजे टेसा. दहा वर्षांची असताना, नोव्हेंबरच्या एका गारठलेल्या दुपारी ती हेरन कोव्हला, या समुद्रकाठच्या खेड्यात, आली. बरोबर एक निळी बॅग. त्याआधी ती किती घरांतून फिरली होती ते डल्सीला माहीत होतं, पण ती कधी कुणाला सांगत नाही. सांगायला लागली की तिचा आवाज चढतो आणि न्यूफाउंडलंडच्या अख्ख्या सरकारला शिव्या पडतात.

डल्सी स्वतः बुटकी, गोल, तोंडाने फटकळ. वसंतापासून पानगळीपर्यंत खेकड्यांच्या कारखान्यात उभी राहून खेकड्याच्या नांग्या फोडायच्या, आणि हिवाळ्यात विणकाम, चर्चची जेवणं आणि शेजाऱ्यांशी भांडणं, असा तिचा वर्षाचा कार्यक्रम. सेल्बी खेकड्यांच्या बोटीवर. पोटचं मूल झालं नाही. त्याचं दुःख करून झालं, डॉक्टर करून झाले, नवस म्हणाल तर तेही करून झाले. शेवटी चाळिशी उलटल्यावर एके सकाळी डल्सी म्हणाली, "मूल पाहिजे. ते माझ्याच पोटातून यायला पाहिजे असं कुठे लिहिलंय?" सेल्बीने बूट घालता घालता मान वर केली. "हेच मी गेली पाच वर्षं बोलू का नको करत होतो," तो म्हणाला. असा तो नवरा!

दत्तक घेणाऱ्या आईबापांसाठी एक शिकवणीचा वर्ग असतो. दोघं इमानदारीत जाऊन बसले. मुलं खाणं लपवून ठेवतात, मुद्दाम तुमचा अंत बघतात, मनाला लावून घेऊ नका, असं तिथे सांगितलं. डल्सीने मान डोलावली. वर्गात मान डोलवायला काय जातं?

सुरुवातीला टेसा इतकी गुणी वागली की डल्सीने नणंदेपाशी, फ्लॉसीपाशी, फुशारकी मारली. "लोक उगीच घाबरवतात गं. लोण्यासारखी पोर आहे." त्यानंतर आठवडाभरात लोणी वितळलं. दारं आपटायला लागली. सेल्बीने दिलं तर मासा खायची, तोच मासा डल्सीने वाढला तर "भूक नाही." सेल्बीबरोबर जाळी विणत तासन् तास बसायची, आणि डल्सी जवळ आली की उठून जायची. डल्सीला नुसतं "डल्सी" म्हणायची, तेही दुकानदारीण असल्यासारखं. वर तिची नक्कल करायची. हात कमरेवर ठेवून, किटली उचलून, हलवून, "काय, बरं आहे ना सगळं?" अगदी हुबेहूब. सेल्बीला हसू आवरायचं नाही आणि डल्सी दोघांकडे जळजळीत नजरेने बघायची.

एकदा चादर बदलताना उशीखाली चहाबरोबर खायचे बन सापडले. चार, वाळून दगड झालेले. डल्सीनेच भाजलेले. ती कोठीत जाऊन रडली. राग असा की माझ्यासमोर तोंड फिरवते, आणि आनंद असा की खाते तर माझ्याच हातचं! दुसऱ्या दिवसापासून तिने टेसाच्या खोलीत एक पत्र्याचा डबा ठेवला आणि त्यात रोज ताजे बन. त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. डल्सी पार्डी एखाद्या गोष्टीवर एक अक्षर बोलली नाही, हे गावात कुणाला खरं वाटणार नाही.

पण एक गोष्ट अशी होती की ती सेल्बीलाही सांगायची सोय नव्हती. कधी कधी टेसा तिला आवडायचीच नाही. साफ आवडायची नाही. रात्री पडल्या पडल्या वाटायचं, आपल्यालाच जमत नसेल तर? आई होणं हे काहींच्या हातात नसतंच, तशातली आपण असलो तर? आणि सकाळी टेसा शाळेच्या बसकडे पाय ओढत निघाली की तिच्या पाठीकडे बघून जीव असा तुटायचा की बस्स.

निळी बॅग पलंगाखाली भरलेलीच असायची. कपडे धुऊन आले की ते पुन्हा बॅगेत. कपाट रिकामं.

हेरन कोव्हमध्ये कुठलंही पोर समोर आलं की मोठं माणूस पहिला प्रश्न विचारतं, "तू कुणाची गं?" पोराने बापाचं नाव सांगायचं, मग आजोबाचं, मग मोठं माणूस म्हणतं, "हां हां, तरीच नाक तसं आहे!" वाईट काही नाही त्यात. पण टेसाला दुकानात एकीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कुणाचीच नाही." विचारणारी ओशाळली, तिने मुलीच्या हातात गोळी कोंबली. पिठाच्या पोत्यांआड उभ्या असलेल्या डल्सीने ते ऐकलं. पीठ न घेताच ती घरी आली आणि त्या रात्री पार्डींच्या घरात पाव झाला नाही.

आणि मग आला नाताळ, आणि डल्सीच्या हातून व्हायची ती चूक झाली.

नाताळनंतरचे बारा दिवस आमच्याकडे सोंगं निघतात. पुरुष बायकांचे झगे घालतात, बायका पुरुषांचे कोट, पोटाला उशा बांधतात, तोंडावर पडदा नाहीतर उशीचा अभ्रा, हातात मोजे. आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलायचं. काठीने दार बडवायचं आणि विचारायचं, "सोंगं आत येऊ द्याल का?" मग घरच्यांनी ओळखायचं, हा कोण, ती कोण. ओळखलं की पडदा वर, आणि केक आणि पेला हातात. नाही ओळखलं तर सोंग तसंच परत जातं. इथल्या माणसाला हे दूध पिताना कळतं. ते कुणाला समजावून सांगावं लागेल, हे डल्सीच्या डोक्यात आलंच नाही. सेल्बीच्या तर नाहीच नाही.

दार बडवलं गेलं, तोंड नसलेली पाच-सहा माणसं घोगऱ्या आवाजात हसत स्वयंपाकघरात घुसली, डल्सी टाळ्या वाजवत उठली, आणि मागे बघते तर टेसा नाही. पलंगाखालची बॅगही नाही. सगळी सोंगं पडदे फेकून कंदील घेऊन शोधत सुटली. सेल्बीला ती जाळ्यांच्या खोपटात सापडली, जाळ्यांखाली, बॅग छातीशी धरून.

"मला न्यायला आलेत ना?" तिने विचारलं. "नेहमी असंच येतात. आधी सांगत नाहीत."

सेल्बी तिथेच खाली बसला. डल्सी दारात उभी राहिली आणि तिने स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या सोंगांपैकी दोघांनी पुढे पाठ केल्या. मग ती पण आत जाऊन जाळ्यांवर बसली. "गाढव आहे मी," ती टेसाला म्हणाली. "ते पडदेवाले म्हणजे फ्लॉसी आणि तिचा नवरा गं. त्यांना कोण देतंय तुला न्यायला? मी एकेकाचं तंगडं मोडीन." खोपटातून बाहेर येताना टेसाने डल्सीची बाही धरली होती. घरात शिरल्यावर सोडली. डल्सी ती बाही पुढे महिनाभर आठवत होती.

वर्ष गेलं. दारं आपटणं कमी झालं, थांबलं नाही. अकरा वर्षांची टेसा उंचीला डल्सीच्या बरोबरीला आली, म्हणजे त्यात फार काही लागत नाही. आणि या खेपेला नाताळ झाल्यावर ती स्वतःच म्हणाली, "मी सोंग घेणार."

सेल्बी खूश. "वा! तुझं सोंग एकदम पक्कं करू."

"कितीही कच्चं केलं तरी चालेल," टेसा म्हणाली. "मला कोण ओळखणारे? तुम्हाला सगळे चालण्यावरून ओळखतात, आजोबांवरून ओळखतात. मला नाही ओळखणार. शेवटपर्यंत मीच जिंकणार."

ती हसत म्हणाली. पोर जिंकायला निघाली होती की काही पारखून बघायला, ते डल्सीला चांगलं कळलं. सगळ्या घरांतून पडदा न उचलता परत आली, तर तिच्या मनात एकच गोष्ट पक्की होणार. मी इथली नाहीच.

तयारी झाली. सेल्बीने डल्सीचा रात्रीचा झगा चढवला आणि छातीशी दोन उशा. डल्सीने सेल्बीचं बोटीवर घालायचं पिवळं तेलकापड आणि डोक्यावर अभ्रा. टेसाने सेल्बीच्या आईचा काळा कोट घातला, तोंडावर लेसचा पडदा, आणि पाठीवर कोटाच्या आत मोठं कुबड. कुबड कशाचं ते डल्सीने ओळखलं. निळी बॅग. गावभर फिरायचं तरी ती बरोबर हवी. डल्सीने फक्त कोटाची वरची गुंडी लावायला मदत केली.

आणि निघण्याआधी, टेसा बूट शोधत असताना, कोठीत जाऊन तिने फ्लॉसीला फोन केला.

पहिल्या दोन घरी झगेवाला सेल्बी तर दारातच पकडला गेला. "सेल्बी, तुझे पाय लपवायला तंबू लागेल!" डल्सी तिच्या खोकल्यावरून. टेसाभोवती लोकांनी फेऱ्या मारल्या, कुबड दाबलं, भलभलती नावं घेतली. तिच्या मागे डल्सी नि सेल्बी दिसतात म्हटल्यावर ती टेसाच असणार, एवढं साधं गणित. पण दोन्ही घरी आणखी चार-चार सोंगं आधीच येऊन बसलेली, गर्दीत कोण कुणाबरोबरचं ते कळेना. टेसा पडदा न उचलता बाहेर पडली. "दोन झाली," ती श्वास आत ओढत म्हणाली.

तिसरं घर फ्लॉसीचं. अजून पायातला बर्फ झटकून झाला नव्हता तोच फ्लॉसीने दोन्ही हात वर केले. "अगंबाई! ही कुबडी तर आपली टेसा! चालच सांगते ना! कुठेही ओळखेन मी!" तिच्या नवऱ्याने टाळ्या पिटल्या, जरा जास्तच जोरात. टेसा उंबऱ्यावर होती. तिने चालून दाखवलंच नव्हतं.

तिने पडदा वर केला, केक घेतला, "थँक्यू" म्हणाली. बाहेर आल्यावर केक सेल्बीच्या हातात दिला.

"तू सांगितलंस," ती डल्सीला म्हणाली.

डल्सीने खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "हो. सांगितलं."

"का?"

"घाबरले गं मी. कुणी ओळखलंच नसतं तर तू घरी येऊन बॅग भरली असतीस."

"बॅग भरलेलीच असते."

"माहीत आहे मला!" डल्सीचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "ती तुझ्या पाठीवर आहे तेही माहीत आहे. चुकले मी. परत चुकले. रोज काहीतरी चुकतंच माझं."

सेल्बी उशा सावरत दोघींच्या मधे उभा होता. टेसाने पडदा खाली ओढला. वाटेच्या टोकाशी एक दिवा दिसत होता. "तो दिवा कुणाकडचा?"

"अँब्रोज काकाकडचा. तिकडे नको."

"त्याला फोन केलायस?"

"त्या म्हाताऱ्याशी मी उन्हाळ्यापासून बोलत नाही. शिडीवरून."

"मग तिथेच जायचं," टेसा म्हणाली आणि चालायला लागली.

शिडीचं प्रकरण असं की घर रंगवायला डल्सीने ती अँब्रोज काकाकडून आणली आणि दिली नाही. उन्हाळ्यापासून घरात रोज तिचं एकच म्हणणं, शिडी मुळात तिच्या बापाची, काकानेच कधीकाळी नेऊन ढापलेली. दोघांत तोंडं बंद. आणि अँब्रोज काका म्हणजे ज्याच्या जिभेला गोड बोलणं माहीतच नाही असा माणूस. नाही ओळखलं तर "कोण कार्टी ही, मी नाही ओळखत" म्हणून मोकळा होईल. डल्सी मागे रेंगाळली.

सेल्बीने काठी आपटली. "सोंगं आत येऊ द्याल का?"

"या. बूट झटका. रम मागू नका, संपलीय."

काका चुलीशेजारी खुर्चीत पाय पसरून बसलेला. टेसा पहिली आत गेली, रागातच, कुणाकडे न बघता. तरातरा स्वयंपाकघर ओलांडून चुलीपाशी. मोजा घातलेल्या हाताने किटली उचलली. हलवली. मग नळाशी नेऊन भरली, परत चुलीवर ठेवली, आणि हात कमरेवर ठेवून वळली.

नक्कल नव्हती ती. नक्कल करताना ती डल्सीकडे तिरकं बघते. आत्ता तिचं लक्षही नव्हतं. अभ्र्याच्या आत डल्सीचं तोंड उघडंच राहिलं.

काकाने मांडीवर थाप मारली. "डल्सी पार्डी! अगं अक्कल आहे का तुला? तोंडावर पडदा घेतेस आणि माझ्या घरात येऊन माझीच किटली तपासतेस! शिडी ढापलीस ती ढापलीस, आता पाणीही मोजणार?"

टेसा एकदम थिजली. खाली स्वतःच्या हाताकडे बघितलं तिने.  मग कमरेवरचा हात होता तिथेच राहिला, आणि पडद्यातून श्वास आत ओढलेला आवाज आला, "शिडी माझ्या बापाची आहे, आणि राहील!"

"बघा! तेच तोंड!" काका ओरडला. "पाळण्यात होतीस तेव्हापासून ओळखतो तुला. तो झगेवाला टोणगा सेल्बी. आणि तो कोपऱ्यातला पिवळा मुका, ती तुमची पोर. रडतेय का काय ती? घाबरू नको गं पोरी, मी चावत नाही."

पिवळ्या तेलकापडाचे खांदे गदगदत होते. सेल्बी भिंतीला टेकला आणि हसू दाबताना त्याची एक उशी खाली पडली.

"काका, नक्की ना?" टेसाने विचारलं, आता आपल्या नेहमीच्या आवाजात. "नीट बघा."

"नीट काय बघायचं त्यात?"

तिने पडदा वर केला. काका खुर्चीतून अर्धा उठला. डल्सीने अभ्रा काढला. नाक लाल, डोळे वाहतायत.

"अरे तिच्या!" काका एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागला. "मग ही डल्सी! आणि तू... तू कुणाची गं?"

सवयीने विचारलं त्याने. सेल्बीचं हसू थांबलं. डल्सीला वाटलं, धावत जाऊन म्हाताऱ्याच्या तोंडावर हात ठेवावा.

टेसाने खांदे उडवले. "आत्ता तुम्हीच सांगितलंत की!"

काका एवढ्या मोठ्याने हसला की त्याला ठसका लागला, आणि संपलेली रम कपाटातून बाहेर आली. चहा झाला, कारण पाणी भरलेलं होतंच. चुलीशेजारी उकडायला लागलं तसा टेसाने कोट काढला, कुबड काढलं, खुर्चीमागे टाकलं आणि केकचे दोन तुकडे खाल्ले. काकाने तिला डल्सीच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, एकही चांगली नाही. टेसा पोट धरून हसत होती. मधेच ती डल्सीच्या कानाशी आली.

"याला तू सांगितलं नव्हतंस."

"नाही गं. शप्पथ."

"माहीत आहे. सांगितलं असतंस तर तो चुकला नसता." आणि तिथेच, डल्सीच्या खुर्चीच्या हातावर, टेकून बसली. डल्सी हलली नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलली नाही.

परत निघाले तेव्हा बर्फ पडायचा थांबला होता. टेसा पुढे, काळ्या कोटात, फताफता पावलं टाकत. डल्सीला आता ती चाल दिसली. अरे देवा, ती तर माझीच बदकाची चाल, तिला वाटलं, पोरीने दुसरं काहीतरी उचलायचं होतं! आणि मग तिला दिसलं की कोटाची पाठ सपाट आहे.

बोलावं का गप्प राहावं? गप्प राहावंसं फार वाटलं. पण त्या संध्याकाळी एकदा लबाडी करून झाली होती.

"टेसा, तुझी बॅग राहिली काकाकडे."

टेसा थांबली. हात मागे नेऊन पाठ चाचपली. मागे त्या दिव्याकडे बघितलं, मग पुढे घराकडे.

"राहू दे. उद्या आणू. शिडी परत द्यायला जाऊ ना, तेव्हा."

"शिडी परत? माझ्या बापाची आहे ती!"

"मग मी एकटी नेते."

"एवढी लांब शिडी एकटी कशी नेशील?" डल्सी म्हणाली. "एक टोक मी धरते."